आजोबा बोटीवर होते



देवासमध्ये उभे राहून जहाजांवर बोलायचे, हे थोडे विचित्र आहे याची मला जाणीव आहे. टेकडीवर तुळजाभवानीला आणि चामुंडेला नमस्कार करून चारही दिशांना नजर टाकली, तरी दिसते ते माळव्याचे काळे रान. पवार मंडळी इकडे आली ती घोड्यांवरून. त्यांच्या थोरल्या पातीच्या आणि धाकट्या पातीच्या वाटणीत गावाचा रस्तादेखील दोन्हीकडे विभागला गेला, पण समुद्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. तेव्हा तुम्ही म्हणाल, हा विषय रत्नागिरीला शोभला असता, इथे कशाला? इथे मुद्दाम. कारण ज्या जहाजांविषयी आज बोलायचे आहे, ती मुळात समुद्रावर लढण्यासाठी बांधलेलीच नव्हती. जमिनीवरची माणसे पाण्यावरून नेऊन पुन्हा जमिनीवर उतरवायची, एवढ्यासाठी ती होती. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख माणसे हिंदी सैन्यात भरती झाली. त्यांत जन्मात समुद्र न पाहिलेली, पण लढाईला जाताना याच जहाजांच्या पोटात बसलेली माणसे कमी नव्हती. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार, जे १९४७ मध्ये शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेले, तेही त्या युद्धात लष्करी सेवेसाठी परदेशी गेले होते. राजाचे लिहिले गेले. त्याच युद्धात गेलेल्या इतरांचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

मराठी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते: ‘आमचे आजोबा बोटीवर होते.’ कोकणात हे सर्रास ऐकू येते. इकडे त्याचे भावंड भेटते: ‘आजोबा मिलिटरीत होते.’ आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. कुठल्या बोटीवर? कुठल्या साली? बोटीवर काम काय करत? बहुतेक घरांत यापुढे शांतता पसरते. मराठीने ‘बोट’ हा शब्द फार सैल करून ठेवला आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी प्रवासी आगबोट ती बोट, कोळसा वाहणारे मालाचे जहाज तीही बोट, तोफा बसवलेले लढाऊ जहाज बोटच, आणि ब्रह्मदेशाच्या चिखलात रणगाडे उतरवणारे अजस्र धूड तेही बोटच. या एका सैल शब्दाखाली किती वेगवेगळी आयुष्ये झाकली गेली आहेत! माझे म्हणणे असे, की निदान सैन्य उतरवणाऱ्या जहाजांवरच्या माणसांच्या बाबतीत ती उकलण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. पलटण करणार नाही, आरमार करणार नाही, सरकारी स्मारकही करणार नाही. ते घरालाच करावे लागेल. का, ते सांगतो.

आधी हे जहाज काय प्रकरण होते ते पाहू. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य कसेबसे परत आले. माणसे वाचली, पण गाड्या, तोफा, रणगाडे सगळे मागे टाकावे लागले. तेव्हा प्रश्न उभा राहिला: उद्या परत जायचे झाले, तर बंदर शत्रूच्या हातात असताना रणगाडा किनाऱ्यावर उतरवायचा कसा? याचे उत्तर म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, लष्करी बोलीत एलएसटी. जॉन नीडरमायर या अमेरिकी जहाजरचनाकाराने १९४१ च्या नोव्हेंबरात त्याचा पहिला आराखडा काढला आणि युद्ध संपेपर्यंत अशी हजाराहून अधिक जहाजे बांधून झाली. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट. तळ सपाट, परातीसारखा. नाकाच्या जागी दोन मोठी दारे, ती उघडली की आतून फळी खाली पडणार आणि रणगाडे चालत बाहेर येणार. खुल्या समुद्रात डुलू नये म्हणून पोटातल्या टाक्यांत पाणी भरायचे, किनारा जवळ आला की ते उपसून टाकायचे, म्हणजे जहाज वर उचलले जाऊन नाक वाळूत सरकते. सपाट तळामुळे लाटेवर ते असे काही लोळायचे, की आतल्या जवानांना शत्रूपेक्षा ओकारीची भीती जास्त. वेग बेताचा. नाविक थट्टेने म्हणत, एलएसटी म्हणजे ‘लार्ज स्लो टार्गेट’, मोठे आणि मंद निशाण!

यातली एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते, ती म्हणजे मागचा नांगर. किनाऱ्याला लागण्याच्या आधी, अजून खोल पाण्यात असतानाच, जहाजाच्या शेपटाकडून एक नांगर सोडायचा आणि त्याचा जाड तारेचा दोर सोडत सोडत पुढे जायचे. नाक वाळूत रुतले, माल उतरला, की तोच दोर यंत्राने ओढायचा आणि जहाजाने स्वतःला मागे खेचून घ्यायचे. हा नांगर कधी टाकायचा, हा सगळा खेळ. लवकर टाकला तर दोर पुरत नाही, उशिरा टाकला तर ओढायला जोर राहत नाही. वर ओहोटीचा हिशेब वेगळाच. पाणी उतरून गेले, तर पुढच्या भरतीपर्यंत जहाज म्हणजे वाळूत पडलेले घर, वरून विमान आले तरी हलता येत नाही. आता मला सांगा, हा दोर सोडणारा माणूस, त्या टाक्यांच्या झडपांवर उभा असलेला माणूस, फळी खाली टाकणारा माणूस, यांच्यावर कोणी पोवाडा रचला आहे का? पोवाडा रचला जातो तो फळीवरून धावत उतरणाऱ्यावर.

इथेच विस्मरणाचे पहिले कारण हाती लागते. ही माणसे दोन घरांच्या मध्ये राहिली. लष्कर म्हणणार, ते आरमारातले. आरमार म्हणणार, ती काय जहाजे, त्यांना तर नावसुद्धा नाही! आणि खरेच नव्हते. लढाऊ जहाजाला नाव असते, बोधचिन्ह असते, परंपरा असते. लँडिंग शिपला असायचा आकडा. स्वातंत्र्यानंतर आपल्या आरमाराला मिळालेले पहिले मोठे लँडिंग शिप घ्या. ते बांधले गेले तेव्हा त्याची ओळख ‘३०११’ एवढीच होती. नंतर ब्रिटिशांनी त्याला ‘अ‍ॅव्हेंजर’ म्हटले आणि आपल्याकडे आल्यावर ते ‘मगर’ झाले. आणखी लहान, चाळीस-पन्नास फुटांच्या होड्या असत, त्यांच्या वाट्याला तर आकडाही ओळखीचा येत नसे. नाव नसलेल्या गोष्टीची आठवण ठेवणे किती अवघड असते! जाता जाता सांगतो, आपल्या आरमाराने पुढे या जातीच्या जहाजांना मगर, घडियाल, कुंभीर अशी नावे दिली, ती अगदी नेमकी आहेत. पाण्यातून येऊन काठावर पोट टेकणारा प्राणी! त्यातला घडियाल तर आपल्या चंबळेचा, आणि चंबळ उगवते ती इथून फार लांब नसलेल्या, महूजवळच्या जानापावच्या डोंगरात. तेव्हा समुद्राशी आपले नाते अगदीच नाही असे समजू नका.

दुसरे कारण आपल्या स्मरणाच्या पद्धतीत आहे. मराठी मुलुखात युद्धातल्या माणसांची आठवण पलटणीच्या आणि गावाच्या आधाराने टिकली. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला केंद्र आहे, तिथे पलटणीचा इतिहास सांभाळला जातो. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे पाहा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचे स्मारक गावात उभे आहे, आणि गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले आहे. तिथल्या मुलाला पणजोबा कोण होते हे विचारावे लागत नाही, दगडच सांगतो. पण लँडिंग क्राफ्टवरची माणसे एका गावची नव्हती, एका जातीची नव्हती, एका पलटणीची नव्हती. १९३९ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत जेमतेम आठ जहाजे आणि दोन हजारांच्या आतबाहेर माणसे होती. १९४५ पर्यंत ती संख्या तीस हजारांच्या घरात गेली. पूर्वी भरती मुख्यतः रत्नागिरीकडून आणि पंजाबातून होत असे. युद्धात ती देशभरातून झाली. कुठूनकुठून आलेली पोरे एका होडीवर चढली, सहा-आठ महिने एकत्र राहिली, युद्ध संपताच पांगली. त्यांच्यासाठी दगड कोणत्या गावाने उभा करायचा?

त्यांना शिकवले कुठे, हे ऐकून तर तुम्हाला नवल वाटेल. एक ठिकाण होते दक्षिणेत मंडपमला. तिथला तळ, ‘हमला’ त्याचे नाव, पुढे मुंबईत मालाडजवळच्या मार्व्याच्या किनाऱ्यावर आला आणि आजही त्याच नावाने तिथे आहे. दुसरे ठिकाण होते पुण्याजवळचे खडकवासला. होय, खडकवासला. समुद्रापासून घाटमाथा ओलांडून इतक्या आत, मुठेच्या तळ्यावर, समुद्रकिनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण चाले. तळ्याच्या उत्तर काठावर लँडिंग शिपची एक नकली प्रतिकृती उभी केली होती, तिचे नाव ‘अँगोस्टुरा’. सैनिकांनी त्या खोट्या जहाजातून खऱ्या पाण्यात उतरायचे, मग पुन्हा चढायचे. ही आयती जागा आणि तळे हाताशी होते, हेही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी खडकवासला निवडण्यामागचे एक कारण ठरले. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. आज प्रबोधिनी सर्वांना ठाऊक आहे. त्या खोट्या जहाजावरून बर्माला गेलेली माणसे कोणाला ठाऊक आहेत?

आणि ती गेली कुठे? १९४५ च्या जानेवारीत आराकानच्या किनाऱ्यावर एकामागून एक उतरणी झाल्या: ३ तारखेला अक्याब, १२ ला म्येबोन, २१ ला रामरी बेट, २२ ला कांगाव. मे महिन्यात रंगून. आराकानचा तो मुलूख म्हणजे खाड्यांचे जाळे, खारफुटी आणि कमरेपर्यंतचा चिखल. कांगावच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर हिंदी अधिकारी होते, ही त्या काळी अपूर्व गोष्ट: थिमय्या, सेन, आणि आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही डीएसओ हा मोठा लष्करी सन्मान मिळाला. थिमय्या पुढे सरसेनापती झाले, थोरात लेफ्टनंट जनरल झाले, त्यांचे आत्मचरित्रही आहे. सगळे यथायोग्य आहे. पण या पलटणी कांगावला पोहोचल्या त्या चालत नव्हे. खाडीतून, दोन्ही काठांवरून मारा होत असताना, लँडिंग क्राफ्टमधून पोहोचल्या. त्या होड्यांवर ब्रिटिश आरमाराचे लोक होते, तसे रॉयल इंडियन नेव्हीचेही होते. थोरातांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला थोरात दिसतात. सुकाणू धरणारा दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी नोंदी असतीलच की. आहेत, पण त्या कशा आहेत ते पाहा. महायुद्धात मरण पावलेल्या हिंदी नाविकांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने ग्रंथरूपाने जतन केली. रॉयल इंडियन नेव्ही आणि मालवाहू जहाजांवरचे मिळून साधारण साडेसहा हजार लोक. त्या ग्रंथाच्या दोन सारख्याच प्रती: एक चितगावच्या युद्ध-दफनभूमीत, दुसरी मुंबईत मस्जिद बंदरच्या नाविकगृहात. समुद्रात गेलेल्याला थडगे नसते, म्हणून पान. ठीक. पण ही यादी कोणाची आहे? मेलेल्यांची. जो वाचला, घरी आला, हिवतापाने महिना-महिना अंथरुणात राहिला, गिरणीत किंवा रेल्वेत चिकटला आणि १९७० च्या आसपास गेला, तो या ग्रंथात नाही. तो कुठल्याच ग्रंथात नाही. त्याची कागदपत्रे झालीच असतील, तर तीन देशांत विखुरलेली. काही लंडनला, काही आपल्या आरमाराच्या मानखुर्दच्या नाविक-अभिलेख कार्यालयात, आणि फाळणीमुळे काही कराचीच्या बाजूला. या तिन्ही टोकांना जोडणारा एकच धागा असतो, तो म्हणजे त्या माणसाचा नंबर. आणि तो नंबर कुठे मिळतो? घरातल्या ट्रंकेत.

म्हणून मी म्हणतो, हे काम घराचे आहे. इतिहासकाराकडे प्रश्न असतो, पण नंबर नसतो. कार्यालयाकडे फाइल असते, पण तिला विचारणारा कोणी नसतो. घराकडे दोन्ही असते, फक्त ते माळ्यावर असते.

आणि घरच्या कागदांना कमी लेखण्याचे आपल्याला तर काहीच कारण नाही. मराठ्यांचा इतिहास उभा राहिला तो कशावर? वि. का. राजवाड्यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडून लोकांच्या घरची दप्तरे धुंडाळली. त्यांतून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ निघू लागली, बावीस खंड. इकडे धारला काशीनाथ कृष्ण लेल्यांनी संस्थानातली नोकरी सांभाळून शिलालेख हुडकले, परमारांच्या इतिहासावर काम केले. आपल्याकडे कुळवृत्तान्त छापण्याची चाल आहे, गोत्र, मूळ गाव, शाखा, सगळे तपशीलवार. मग दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या सनदा जपणाऱ्या समाजाने ऐंशी वर्षांपूर्वीच्या आजोबांचे डिस्चार्जचे कागद मात्र रद्दीत का घालावेत? सनदेत इनाम होते आणि डिस्चार्जमध्ये नव्हते, एवढेच कारण असेल तर ते आपल्याला फारसे शोभत नाही.

इतरांनी काय केले, हे थोडक्यात सांगतो. १९४४ च्या २८ एप्रिलला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ नॉर्मंडीच्या रंगीत तालमीत जर्मन वेगवान नौकांनी दोन एलएसटी बुडवल्या. सातशेहून अधिक अमेरिकी जवान गेले. स्वारीचे गुपित फुटू नये म्हणून तोंडे बंद ठेवण्याचे हुकूम झाले आणि घरच्यांना वर्षानुवर्षे नीटसे काही कळलेच नाही. तो विषय लोकांपुढे आला तो एका हॉटेलवाल्यामुळे. केन स्मॉल त्याचे नाव. समुद्रात बुडालेला एक रणगाडा त्याने अमेरिकी सरकारकडून रीतसर विकत घेतला आणि १९८४ मध्ये वर काढून किनाऱ्यावर ठेवला. लष्करी माणूस नाही, इतिहासाचा प्राध्यापक नाही. अमेरिकेत तर ‘३२५’ या आकड्याचे एक जहाज सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या नाविकांनी ग्रीसमध्ये दुरुस्त केले आणि २००१ च्या आरंभी अटलांटिक ओलांडून घरी नेले. आपल्याकडेही असे घडले आहे. १९४२ च्या २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने ‘तिलावा’ ही प्रवासी आगबोट बुडवली, २८० लोक गेले, आणि प्रकरण विस्मृतीत गेले. ऐंशी वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत त्यांची पहिली जाहीर आठवण झाली ती त्यांच्या वंशजांनी पाठपुरावा केला म्हणून.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सर्वांत जड आहे, तेव्हा त्याला बगल देणार नाही. लोक म्हणतात, ही माणसे इंग्रजांची नोकरी करत होती, पोटासाठी गेली होती, त्यांचा कसला मान? देश चले जावच्या लढ्यात होता आणि हे साम्राज्यासाठी रंगून जिंकत होते! यातले पोटासाठी गेले हे खरे आहे. पण पोटासाठी जाणे हा गुन्हा कधीपासून झाला? माळव्यात आलेल्या शिलेदारांच्या वंशजांपुढे मी हे विचारतो आहे. शिवाय या माणसांना ‘इंग्रजांची’ म्हणून बाजूला सारताना आपण एक गोष्ट विसरतो. १९४६ च्या १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या तळावर नाविकांनी संप पुकारला, तो कोणी? याच रॉयल इंडियन नेव्हीतल्या पोरांनी. बेचव जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, युद्ध संपूनही न होणारी सुटका आणि आझाद हिंद सैनिकांवरचे खटले, अशी अनेक कारणे त्यामागे होती. पाच दिवसांत तो मुंबईहून कराचीपर्यंत पसरला, जहाजांवरचे ब्रिटिश झेंडे उतरले. मग शेकडो नाविक सेवेतून काढले गेले. म्हणजे १९४५ मध्ये साम्राज्यासाठी जहाज हाकणारा आणि १९४६ मध्ये त्याच साम्राज्याविरुद्ध उभा राहणारा, एकच माणूस असू शकतो. कुठल्या खणात घालणार त्याला? जेव्हा घरात फक्त ‘बोटीवर होते’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा कधी कधी त्या गप्पपणामागे नोकरीवरून काढल्याची लाजही असते. ज्याला आज आपण उठाव म्हणतो, त्याला तेव्हा घरात ‘नोकरी गेली’ असे म्हणत. कागद काढल्याशिवाय हे कळणार कसे? तेव्हा शोध घ्यायचा तो साम्राज्याची आरती ओवाळण्यासाठी नाही, आणि आजोबांना ओढूनताणून क्रांतिकारक ठरवण्यासाठीही नाही. दोन्ही मोह सारखेच घातक आहेत.

दुसरा आक्षेप: ही माणसे लढली कुठे? होड्याच तर हाकल्या. याला उत्तर म्हणून १९७१ कडे पाहू. बांगलादेशाचे युद्ध संपत आले होते, पाकिस्तानी सैन्य ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून कॉक्स बझारला सैन्य उतरवायचे ठरले. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही दोन लँडिंग शिप्स १४ डिसेंबरच्या सुमारास किनाऱ्याला गेली. जहाज टेकले. वाटले, किनारा आला. तो किनारा नव्हता, वाळूचा दांडा होता, आणि दांड्याच्या पलीकडे पुन्हा खोल पाणी. पाठीवर ओझे घेतलेले गोरखे त्यात उतरले आणि काही बुडाले. शत्रूची एकही गोळी न लागता. उरलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांतून उतरवावे लागले. किनाऱ्याचा उतार किती, दांडा कुठे, भरती कधी, ही माहिती नसली की काय होते, याचा हा धडा आरमाराने पुढे गांभीर्याने घेतला. मग होडी हाकणे हे ‘फक्त’ कसे? आराकानच्या अनोळखी खाडीत रात्री होडी नेणाऱ्याला हेच हिशेब डोक्यात करावे लागत होते. कोकणच्या पोरांना गाळ आणि भरती ठाऊक होती, पण पंजाबच्या आणि आपल्यासारख्या माळरानावरच्या पोरांना ते शिकावे लागले.

तिसरा आक्षेप मला मनापासून पटतो, म्हणून त्याचे उत्तर अर्धेच देतो. घरचे लोक शोधायला लागले की आजोबा मोठे होत जातात. स्वयंपाकी असलेले आजोबा तिसऱ्या पिढीत तोफखान्यावर जातात. खरे आहे. कुळवृत्तान्तांतही हे घडले आहे, आणि बखरींत तर घडलेच घडले. यावर उपाय शोध थांबवणे हा नाही, शोधाला शिस्त लावणे हा आहे. ऐकीव गोष्ट आणि कागदातली गोष्ट वेगळ्या रकान्यांत लिहायची. तारीख नसेल तिथे कोरी जागा सोडायची. आणि स्वयंपाकी निघाले तर स्वयंपाकी लिहायचे. एलएसटीवर शंभराच्या वर माणसांचे जेवण, जहाज लोळत असताना, गरम पातेल्यांपाशी उभे राहून कोणी केले, हे कळले तर त्यात कमीपणा कसला?

आता थोडे व्यवहाराचे, कारण व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर हाताला काही काम हवे. अडचण मुख्यतः नावाची येईल. लष्करी कारकुनाने नाव कानाला लागले तसे लिहिले. आपल्या देवासचेच उदाहरण घ्या: पवार हे आडनाव इंग्रजी कागदांत पुआर, पोवार, पोंवार अशा अनेक रूपांत भेटते, राजघराण्याची ही गत, तर शिपायाची काय असेल! कधी आडनावच नाही, नुसते नाव आणि बापाचे नाव. कधी गावाचेच आडनाव करून टाकलेले. तेव्हा एका स्पेलिंगवर अडून बसू नये, पाच-सहा तरी करून पाहावीत. गावांचेही तसेच, खडकवासल्याचे ‘खरकवस्ला’ झालेले असते. दुसरे, फोटो. फोटोतल्या टोपीवरच्या पट्टीपेक्षा फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का जास्त बोलका असतो. कराची, कोचीन, चितगाव, कोलंबो असे काही लिहिलेले असले की साल आणि प्रवास यांचा अंदाज बांधता येतो. पत्रे असतील तर सेन्सॉरने काळी केलेली ओळसुद्धा टाकू नका. आणि घरातल्या आजीला विचारायचे असेल तर ‘युद्धात काय केले’ असे विचारू नये, तिला ते ठाऊक नसते. ‘पैसे कोणत्या पोस्टात यायचे, कोणाच्या नावाने यायचे’ असे विचारावे. मनिऑर्डर बाई विसरत नाही.

मानाच्या रीतीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला काही वीरगळ आहेत, शिलाहार आणि यादव यांच्यातल्या समुद्री लढाईचे मानले जातात. दगडांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका कोरल्या आहेत, खाली लढाई, वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. तेराव्या शतकात नाविकांसाठी दगड कोरण्याची रीत आपल्याकडे होती! आज मात्र त्यांवर वाचता येईल असे एकही नाव नाही. आणि गंमत पाहा, मार्व्याचा तो ‘हमला’ तळ तिथून फार लांब नाही. सातशे वर्षांच्या अंतराने दोन पिढ्यांचे नाविक जवळजवळ एकाच किनाऱ्यावर, आणि दोघांचीही नावे हरवलेली. आपण पितृपक्षात ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्री अमावास्येला पाणी देतो. ती सोय चांगली आहे, पण ती न सापडलेल्यांसाठी आहे, न शोधलेल्यांसाठी नव्हे.

शेवटी त्या ट्रंकेतल्या पदकाबद्दल. बर्मा स्टार असेल तर सहा टोकांचा, तांबूस-पिवळ्या धातूचा तारा असेल; फीत शाबूत असली तर मध्ये रुंद लाल पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. ब्रिटिश सैनिकांना हे तारे निनावी दिले गेले. हिंदी सैनिकांना दिलेल्यांवर मात्र मागच्या बाजूला अक्षरे ठोकलेली असतात: नंबर, हुद्दा, आद्याक्षरे, आडनाव आणि दल. पुष्कळ घरांत हा तारा पंधरा ऑगस्टला बाहेर निघतो, चिंच लावून लखलखीत घासला जातो आणि पुन्हा डब्यात जातो. घासायचे थांबवा. मागची बाजू खिडकीशी धरा, उजेड तिरका पडेल अशी, आणि जे दिसेल ते, ठिपके आणि अर्धवट अक्षरांसकट, कागदावर उतरवून घ्या. मानखुर्दच्या कार्यालयाला लिहायच्या पत्राची पहिली ओळ तीच आहे.